डाव्या अंगाची चाकं

भरमू ड्रायव्हरला मोटारीशी बोलायची खोड होती. चढ लागला की "चल गं बाय, चल, आलंच की", उतार लागला की "हो हो हो, हळू", आणि समोर म्हैस आली की मोटारीला सोडून थेट म्हशीशी. म्हैस ऐकायची नाही, मोटार ऐकायची. म्हणून भरमूचा मोटारीवर जीव होता.

ती कुंथुनाथ आप्पांची उतारू वाहणारी सर्व्हिस मोटार. सांगाडा विलायती, वरचा डबा बेळगावच्या सुताराच्या हातचा. त्यामुळं पुढून बघावं तर साहेब आणि मागून बघावं तर कपाट. संध्याकाळी निपाणीहून निघून संकेश्वराला मुक्काम आणि सकाळी संकेश्वराहून निपाणीला परत, अशी तिची रोजची फेरी. मुक्कामाला म्हणजे भरमूच्या अंगणात. संकेश्वराच्या वेशीबाहेर त्याचं दोन खणांचं घर होतं आणि घरापुढं, पूर्वी बैल बांधायचे तिथं, उजवी बाजू गोठ्याच्या भिंतीला टेकवून मोटार उभी राहायची. भिंतीत आणि मोटारीत मांजर जाईल एवढीच फट. वर गोठ्याचं छप्पर पुढं आलेलं, त्यामुळं पावसाचं पाणी डाव्या अंगावर तेवढं उडे.

सन पस्तीस-छत्तीसच्या सुमाराची ही गोष्ट. भरमू तेव्हा तिशीचा. त्याच्याआधी त्याचे वडील मष्णू याच रस्त्यानं बैलगाडी हाकत. आप्पांच्याच वखारीची तंबाखूची बोदं, म्हणजे मोठाली पोती, घेऊन संकेश्वर ते निपाणी, मागं आप्पांच्या दुसऱ्या गाडी-बैलांवर भरमू. वाटेत तवंदीचा घाट. चढताना बैलांचा कस आणि उतरताना माणसाचा. उतारावर गाडीच्या मागच्या अंगाला दोन्ही चाकांवर दाबून बसणारा लाकडाचा आडवा ब्रेक असायचा, आणि तो ओढून धरायला काथ्याचा जाड दोर. एका साली तो दोर आठ दिवस करकरत होता. मष्णूला ऐकू येत होतं. भरमूलाही येत होतं. "ही एवढी खेप मारू या, मग बदलतो," असं मष्णू म्हणाला, आणि गाडीवान माणसं असं म्हणतातच. दोर घाटाच्या तिसऱ्या वळणावर तुटला. भरल्या गाडीनं बैलांना पुढं ढकललं, बैलांनी मष्णूला. भरमू आपली गाडी दगड लावून उभी करून धावत खाली पोचला तेव्हा एक बैल उभा होता, आणि तेवढाच उभा होता.

भरमूची आई राजाबाई. तिनं त्या राहिलेल्या बैलाला दोन वर्षं सांभाळलं, शेवटी तोही गेला. मग अंगण मोकळं पडलं. आप्पांनी मोटार घेतली तेव्हा भरमूला बोलावून घेतलं. भरमू म्हणाला, "आप्पा, मला मोटारीतलं काय कळतंय? मी बैलाचा मानूस."

"बैलाला बोलता येतंय काय रं?" आप्पांनी विचारलं.

"न्हाय."

"मग मोटारीला तरी कुठं येतंय? न बोलणाऱ्याचं दुखणं ज्याला कळतं तोच मला पायजे."

आप्पा जैन व्यापारी, बोलणं निम्मं मराठी निम्मं कानडी, आणि दोन्ही भाषांत मोजकं. भरमू वर्षभर क्लीनर राहिला, मग ड्रायव्हर झाला. क्लीनर म्हणून त्याच्या जागी आला जोतिबा. हा भरमूपेक्षा वीस वर्षांनी मोठा, एका कानानं बहिरा, आणि दुसऱ्या कानानं फक्त जेवणाची हाक ऐकणारा. चढावर मोटार थांबली की चाकामागं लाकडी ठोकळा टाकायचं काम त्याचं. ते मात्र तो असा चोख करी की मोटार थांबायच्या आधी ठोकळा पडलेला असे, आणि कधी कधी त्यामुळंच मोटार थांबे.

ब्रेकच्या बाबतीत भरमूचं वेड सगळ्या रस्त्याला ठाऊक होतं. इंजिन बिघडलं तर मोटार जागची हलत नाही, त्यात कुणाचं काय जातंय, म्हणायचा. पण ब्रेक बिघडला तर मोटार चालू लागते, तेच वाईट. पाय नेहमीपेक्षा बोटभर खाली गेला, की भरमूचा चेहरा उतरे. चाकातून पत्र्यावर खिळा ओढल्यागत आवाज आला, की त्याचा घास तोंडात फिरे. "लायनर, ब्रेकचं अस्तर, झिजून लोखंडाला लोखंड लागलं," असं म्हणून तो निपाणीला उतारू उतरवल्याबरोबर चाकं उघडून बसायचा. उतारू लोक हसत. तंबाखूचे दलाल जिनदत्त अण्णा हे रोजचे उतारू, पुढच्या बाकावरची जागा त्यांची वडिलोपार्जित असल्यासारखी. ते म्हणत, "भरमू, बायकूच्या कण्हण्याकडं एवढा कान दिला असतास तर संसार झाला असता तुझा."

"बायकू घाटात एकटी सुटत न्हाय, अण्णा," भरमू म्हणे. लग्न मात्र खरंच राहून गेलं होतं.

घाटाच्या डोक्यावर मोटार दहा मिनिटं थांबवायची त्याची पद्धत. तिथून उतार लागतो. उतारू खाली उतरून पाय मोकळे करत, जैन असो की नसो, स्तवनिधीच्या तीर्थाच्या दिशेला हात जोडत. तेवढ्यात भरमू मोटारीला प्रदक्षिणा घालायचा. प्रत्येक चाकापाशी वाकून आतल्या ड्रमवर तळहात ठेवायचा. वैद्यानं नाडी बघावी तसा. चारी चाकं सारखी ऊन लागली की म्हणायचा, "चला, बसा." एखादं जास्त तापलेलं असलं तर ब्रेक चिकटून घासतोय. आणि एखादं थंड असलं तर ते चाक काम करत नाही, नुसतं बरोबर चालतंय. तापलेल्या चाकाची भरमूला काळजी वाटे. थंड चाकाचा त्याला राग येई.

आता त्या दिवसाकडं येऊ.

आपल्याकडं बेंदूर येतो तो ज्येष्ठी पुनवेचा, कर्नाटकी बेंदूर. आदल्या संध्याकाळी खांदेमळणी. वर्षभर जू वाहून बैलांचे खांदे सुजलेले, घट्टे पडलेले असतात. ते ऊन पाण्यानं शेकायचे, तेल-हळद लावून मळायचे आणि उद्या सणाला या म्हणून आवतण द्यायचं. कुणी कुणी बैलांना तेल पाजतातही. बांबूचा तिरका कापलेला नळा असतो, तो बैलाच्या जबड्यात घालून वर धरायचा आणि तेल घशात सोडायचं. राजाबाईच्या घरात तो नळा आढ्याला खोचलेला होता. बैल जाऊन आठ-नऊ वर्षं झाली होती. खांदेमळणीच्या संध्याकाळी सगळी गल्ली हळदीच्या वासानं भरायची आणि राजाबाई आपल्या उंबऱ्यावर रिकाम्या हातांनी बसून राहायची. एक वर्ष शेजारी जाऊन दुसऱ्याच्या बैलाचा खांदा मळून आली. शेजारीण जयाबाई म्हणाली, "मावशी, तुमचा हात लई ग्वाड लागतोय बघा त्येला." ते ऐकून तिला बरं वाटायचं ते राहिलं, उलट घरी येऊन ती जेवलीच नाही.

त्या साली मोटारीची फेरी जरा लवकर आली. भरमूनं मोटार अंगणात लावली आणि वेशीतल्या तळ्यावर आंघोळीला गेला. परत आला तर दिवेलागण होत होती आणि मोटारीच्या पुढच्या दिव्यांवर हळदकुंकवाची बोटं उमटलेली. तोंडावर झेंडूची माळ. डाव्या बाजूच्या दोन्ही चाकांवर पिवळे हात.

"आई, हे काय गं?"

"त्याला बी खांदा असंलच की कुठंतरी," राजाबाई म्हणाली. "आठ वर्स आपल्या घरचं वझं वढतंय त्ये. एक दिस मळला खांदा म्हनून काय झालं?"

"उजवीकडं हात लागला न्हाय व्हय तुझा?"

"भिंत हाय न्हवं. हातच जाईना."

भरमू हसला. आई बऱ्याच वर्षांनी हसत होती, हात कोपरापर्यंत पिवळे. त्यानं काही विचारलं नाही. विचारायला काही होतं असं वाटलंच नाही त्याला.

राजाबाई गाडीवानाची बायको. गाडीच्या चाकाला वरून तेल चोपडून काही होत नाही, तेल आत आसाला जावं लागतं, हे तिला लग्नापासून माहीत. मोटारीचं चाकही चाकच. भरमू तळ्यावर असताना वाकून वाकून तिनं शोधलं, तर चाकाच्या आतल्या अंगाला ड्रम आणि पत्र्याच्या मध्ये बोटभर फट सापडली. मग आढ्याचा नळा काढला, करडीच्या तेलात हळद कालवली, आणि तो नळा फटीला लावून, बैलाला पाजावं तसं हळूहळू, गोंजारत, "पी रं बाळा, घाटात दमू नगंस," म्हणत पुढच्या चाकाला आणि मागच्या चाकाला आख्खं तांब्याभर तेल पाजलं. सणाला करंज्या तळायला ठेवलेलं तेल होतं ते.

सकाळी बेंदूर. गल्लीत बैलांच्या शिंगांना रंग लागत होता. मोटार वेळेवर भरली. जिनदत्त अण्णा पुढं बसले. मागं अंबुबाई म्हणून एक म्हातारी, मांडीवर वांग्यांची पाटी. लेकीच्या घरी सणाला निघालेली. आणखी पंधरा माणसं. कामतनूरच्या वळणावर एका उतारूनं हात केला, भरमूनं ब्रेक दाबला, आणि मोटार थांबली पण तोंड उजवीकडं फिरवून. एका बैलानं थांबावं आणि जोडीदारानं पुढं रेटावं तशी.

"हो हो हो," भरमू म्हणाला. "काय झालं गं?"

रात्री शिंतोडा येऊन गेला होता. चाकात पाणी गेलं की ब्रेक धरत नाही, पण दोनदा-तीनदा दाबला की घासून वाळतो आणि धरायला लागतो. डावं अंग भिजलं असणार. भरमूनं सपाटीवर तीनदा दाबला, चारदा दाबला. दर वेळी मोटार उजवीकडं ओढ घेई. पाय खाली जात नव्हता, आवाज नव्हता. सहाव्यांदा दाबल्यावर ओढ कमी व्हायची ती वाढलीच.

"आज मोटारीला पान खायाचं हाय काय?" जिनदत्त अण्णांनी विचारलं. "सारखी उजव्या हाताच्या दुकानाकडं वळतीया."

भरमूनं परत एकदा ब्रेक दाबून बघितला. तेव्हा अण्णांनी पहिल्यांदा त्याच्याकडं नीट बघितलं आणि बाकाची कड धरून बसले.

घाटाच्या डोक्यावर मोटार पोचली. शेवटच्या चढावर ब्रेकची गरज पडली नव्हती, खाली सपाटीवर मात्र भरमू सारखा दाबत आला होता. नेहमीसारखी माणसं उतरली, हात जोडू लागली. भरमू उजव्या अंगानं वाकला. पुढचं चाक कडकडीत तापलेलं. मागचं त्याहून. फिरून डाव्या अंगाला आला. तळहात ठेवला. थंड. मागचं, थंड. हात काढला तर बोटं ओशट झाली होती. नाकाशी नेली.

मोटारीच्या वंगणाला वास असतो काळा, लोखंडाचा. हा वास सैपाकघराचा होता.

भरमू चाकापाशी तसाच उकिडवा बसला. बसल्याजागी त्याला सगळं दिसलं. अंगण, भिंत, आई, ते कोपरापर्यंत पिवळे हात. समोर उतार होता. उजव्या अंगाला दरी. जिकडं मोटार ओढ घेत होती ती बाजू. आणि खाली तिसरं वळण.

तो उठला आणि म्हणाला, "मंडळी, मोटार फुडं जाणार न्हाय. घाट चालत उतरा."

एकच गलका झाला. बेंदराचा दिवस, ज्याला त्याला घर गाठायचं. "भरमू, आम्ही बसायचे पैसे दिलेत, चालायचे न्हाईत!" "हळू हळू ने की रं, आम्ही काय शर्यत लावलीया?" एक जण म्हणाला, "चालत आली की हितवर, आता काय झालं?"

"चालत्येच ती. थांबत न्हाय," भरमू म्हणाला.

"झालंय काय पण?" अण्णांनी विचारलं.

भरमूनं ओशट बोटं मुठीत मिटली. खरं सांगावं तर आईचं नाव संध्याकाळच्या आत दोन तालुक्यांत होणार. मष्णूच्या बायकोनं, ज्या घाटात नवरा गेला त्याच घाटात, पोराच्या मोटारीच्या ब्रेकात तेल ओतलं. लोक हसतील ते एक वेळ चालेल. पण हसता हसता ते तिच्या कानावर जाईल. मग ती जगेल कशी?

"माझ्या हातनं तेल सांडलंय ब्रेकात," तो म्हणाला. "चूक माझी."

"तुझ्या हातनं!" अण्णा म्हणाले, आणि त्या दोन शब्दांत भरमूची सात वर्षांची अब्रू उतरली. ब्रेकवेड्या भरमूनंच ब्रेकात तेल सांडावं! कुणीतरी मागं फिस्सकन हसलं.

अंबुबाईनं पाटी डोक्यावर घेतली. "चला गं बायांनो," ती म्हणाली. "पाय हाईत तवर चालू. डायवर उतरा म्हनतोय तो शाना. उतरू नका म्हननारा डायवर म्या बघितलाय, आता तो बी न्हाय आन् त्येची गाडी बी न्हाय." आणि ती उताराला लागली. तिच्यामागं मग सगळी.

भरमूनं आणि जोतिबानं जॅक लावून डावी चाकं काढली. ड्रम ओढला तशी आतून पिवळी धार गळाली. लायनर तेल पिऊन फुगलेलं, पुरणात बुडवलेल्या चिंधीसारखं. जोतिबानं बोट लावून वास घेतला, जिभेवर ठेवलं आणि म्हणाला, "करडीचं हाय. आन् ताजं हाय." मग भरमूच्या तोंडाकडं बघून त्याचे दोन्ही कान एकदमच बहिरे झाले. त्यानं सगळ्यांत मोठा ठोकळा शोधून पुढच्या चाकाला लावला आणि पाठ करून बसला.

दोन अडीच तासांनी कुंथुनाथ आप्पा निपाणीहून टांग्यानं वर आले. सोबत जिनदत्त अण्णाही. परत घाट चढून यायचं त्यांना काही कारण नव्हतं, पण सकाळचं ते "तुझ्या हातनं" त्यांना चावत असावं. आप्पा उतरले, धोतराचा सोगा आवरून चाकापाशी वाकले. लायनर बघितलं. तेल बघितलं. मग आतल्या पत्र्यावर, फटीच्या तोंडाशी, हळदीचा चार बोटांचा ठसा होता, तो बघितला. बोटं लहान होती. बांगड्यांनी ओढलेली एक बारीक रेघही होती शेजारी.

आप्पांच्या घरी चार जोड्या बैल. काल संध्याकाळी त्यांच्याही घरी बायकांनी हळद मळली होती. ते बराच वेळ त्या ठशाकडं बघत राहिले.

"कुणी केलं?"

"म्या केलं आप्पा. माझ्या हातनं झालं."

"तुझ्या हातनं," आप्पा म्हणाले, आणि खिशातला रुमाल काढून त्यांनी तो ठसा पुसून टाकला. नीट, कोपऱ्यापर्यंत. अण्णांनी दरीकडं तोंड फिरवलं.

भरमूच्या डोळ्यांना पाणी आलं. वाटलं, सुटलो.

"आता ऐक," आप्पा उठत म्हणाले. "तेल कुणाच्या हातनं सांडलं ते मी परत इचारणार न्हाय. पण सकाळी अंगणातनं निघताना चाकाला हात लावून बघितलतंस?"

भरमूनं हातातला पाना खाली ठेवला.

"घाटावर आल्यावर बघतोस, ते सगळ्यांना ठाऊक हाय. घरनं निघताना?"

"न्हाय."

"कामतनूरला ओढ घेतली तवा थांबलास?"

"पानी असंल वाटलं, आप्पा."

"वाटलं." आप्पांनी तो शब्द तोंडात घोळवला. "तुझ्या बापालाबी एक खेप हुईल असंच वाटलतं. अठरा माणसं तू हितवर आणलीस. मधी एखादं पोर आडवं आलं असतं तर?"

"आप्पा, साकु! बास करा की," अण्णा मध्ये पडले. "उतरवली की त्यानं माणसं. दुसरा असता तर नेली असती."

"म्हणूनच कामावर ठेवतोय," आप्पा म्हणाले. "पण दसऱ्यापतुर स्टेअरिंगला हात लावायचा न्हाय. निपाणीच्या शेडमधी बसायचं. येईल त्या मोटारीचा ब्रेक उघडायचा."

भरमूनं मान हलवली. शिक्षा कडक होती, आणि एका अक्षरानं खोटी नव्हती. हे त्याला जास्त लागलं.

मोटार मग अण्णांच्या ओळखीच्यांच्या आठ बैलांनी घाटाखाली उतरवली, मागं दोर बांधून, सुटू नये म्हणून रोखून धरत. सणाला बैल जुंपत नाहीत, पण घाटाची नड म्हणून मालकांनी दिलेले; शिंगं रंगवलेली, गळ्यात माळा. मोटारीच्या तोंडावर पण माळ. घाटाखालच्या पोरांना वाटलं मिरवणूकच आली. ती नाचत पुढं झाली. भरमू मोटारीमागं चालत होता, दोराला हात लावून. तिसऱ्या वळणावर त्यानं दोर उगीचच घट्ट धरला.

चार महिने तो सकाळी मोटारीत मागच्या बाकावर उतारू होऊन निपाणीला जाई आणि संध्याकाळी परत येई. मोटार दुसराच ड्रायव्हर नेई, आणि मुक्कामाला वेशीतल्या वडाखाली लावी. आईला भरमूनं सांगितलं, "मोठ्या कामावर घेतलंय मला. ब्रेकचं काम शिकतोय." राजाबाईनं शेजारणीला सांगितलं, भरमूची बढती झाली. शेडमध्ये तो खरंच शिकला. बेळगाव, खानापूर, कोल्हापूरच्या मोटारी यायच्या. ड्रायव्हर म्हणे, जरा उजवीकडं ओढती, पण काही न्हाय. भरमू म्हणे, "काही न्हाय कसं? सांगतीया की ती." उघडून दाखवी. कुठं लायनरचा रिव्हेट वर आलेला, कुठं ड्रम चिरलेला, कुठं आसाचं तेल पाझरून आत आलेलं. नुसता पाय ठेवून, दहा पावलं मोटार चालवून तो सांगायचा कुठलं चाक आजारी. दसऱ्याला आप्पांनी त्याला परत मोटार दिली, तरी अडलेले लोक त्याच्या अंगणापर्यंत मोटारी आणत राहिले. पण लग्न, पोरंबाळं, मान, जे काही त्याच्या नशिबात पुढं आलं ते बाजूला ठेवा. त्या वर्षभर त्याच्या मनात एकच चाक फिरत होतं. पुढच्या बेंदराला आई काय करणार?

ज्येष्ठ आला. खांदेमळणीच्या संध्याकाळी भरमू आंघोळीला गेला नाही. अंगणातच बसून राहिला. राजाबाई घरातून आली, एका हातात तांब्या, दुसऱ्या हातात नळा.

"आई, चाकात नगं."

"का रं?"

"हितं लाव." त्यानं तिला पुढं आणलं, इंजिनावरच्या झाकणावर हात ठेवला. "मोटारीचा खांदा हितं असतोय. सगळं वझं हे वढतंय. हितं मळ."

राजाबाईनं झाकणाला हात लावला. चांगलं ऊन होतं, दिवसभराचं. तिला ते पटल्यासारखं झालं. तिनं चार बोटं तेल घेतलं, लावलं. मग तिचा हात थांबला.

"मग गेल्या साली मी चाकात घातलतं ते?"

भरमू झाकणावरचं तेल बोटानं पसरवत राहिला. हो म्हणावं की काही न्हाय म्हणावं, एवढंच ठरवायचं होतं. त्यासाठी त्यानं वर्ष घेतलं होतं, आणि अजून ठरलं नव्हतं.

"भरमा. माझ्याकडं बघ. चार म्हैनं मोटार हितं येत न्हवती."

"व्हय."

"बढती न्हवती ती."

"न्हाय."

राजाबाई मोटारीच्या पायरीवर बसली. नळा मांडीवर आडवा. "सांग," ती म्हणाली. "आन् मधलं गाळू नगंस. तुज्या बाच्या टायमाला लोकांनी मधलं गाळलं, आन् म्या आजूनपतुर त्येच जुळवत बसलीया."

भरमूनं सांगितलं. कामतनूरची ओढ, थंड चाकं, आप्पांचा रुमाल, सगळं. गल्लीत बैलांच्या घंटा वाजत होत्या, जयाबाई कुणाला तरी हळद मागत होती.

संपल्यावर तिनं मांडीवरचा नळा खाली ठेवला. मग तिनं विचारलं, "आप्पांना ठाऊक हाय?"

"हाय."

"आन् त्या जिनदत्ताला?"

"असंल."

"आन् कुनी मला बोललं न्हाय वर्सभर." तिनं पदरानं तोंड पुसलं, गालाला हळद लागली. "येवढी मानसं गप बसली माज्यासाठी. येवढा मान माज्या लगनात बी न्हवता बघ." ती हसली, पण हसणं धड पार पडलं नाही. भरमूनं तिच्या खांद्यावर हात ठेवला.

जरा वेळानं ती उठली. "आता मला दाव," ती म्हणाली. "कुठं तेल चालतंय, कुठं न्हाय. आन् बिघडलं की कसं कळतंय ते बी."

"आई, तुला काय करायचंय?"

"माज्या अंगनातनं जाती न्हवं मोटार?"

तेव्हा भरमूनं कंदील आणला, चाक उघडलं आणि आईला दाखवलं. हे लायनर, हे एवढं जाड असावं. हे झिजलं की असा आवाज. इथं ओल दिसली की समजायचं आतून गळतंय. राजाबाई गुडघ्यावर बसून एकेका गोष्टीला बोट लावत होती आणि प्रत्येक वेळी बोट आधी पदराला पुसत होती.

दुसऱ्या दिवशी बेंदूर. मोटार भरली, जिनदत्त अण्णा पुढं येऊन बसले, जोतिबानं ठोकळा उचलला. राजाबाई घरातून आली. तिनं एका चाकापाशी वाकून आतल्या फटीत बोट घातलं, नाकाशी नेलं. मग दुसऱ्या चाकाला गेली. उजव्या अंगाला जाता यावं म्हणून भरमूनं मोटार आदल्या रात्रीच भिंतीपासून हातभर लांब घेतली होती. अठरा उतारू खोळंबले. एरवी ज्यांच्या जिभेला हाड नाही ती माणसं, पण कुणी बोललं नाही. जिनदत्त अण्णांनी तेवढं खिशातलं घड्याळ काढलं, बघितलं आणि परत आत ठेवलं.

चौथ्या चाकावरून राजाबाई उठली. बोट पदराला पुसलं.

"जा," ती म्हणाली.